गरम तेवढंच दिसतं

आमची शेळी व्यायला टेकली होती आणि डुकरांनी तिला त्याच अवस्थेत फाडलं. सकाळी मी चहाचा मग घेऊन कुंपणापाशी गेले, तेव्हा तिचं पुढचं धड तेवढं शिल्लक होतं. करडाचं काय झालं ते शोधावं लागलं नाही, चिखलात त्याचा एक खूर पडला होता. मी मग खाली ठेवला आणि तिथेच ओकले. नंतर मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मला डुकरं मेलेली हवी होती. सगळी, पिल्लांसकट, आणि शक्य असेल तर माझ्या डोळ्यांसमोर.

हे टेक्सासमधलं सांगतेय. आम्ही अर्विंगला राहतो. नवरा आणि मी, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये झिजलो, आणि निवृत्ती दिसायला लागल्यावर शहरापासून दोन तासांवर थोडी जमीन घेतली, छोट्या घरासकट; आठवड्यातले निम्मे दिवस तिथेच असतो. नवरा सिंधुदुर्गातला. माती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याने भुईमूग लावला, रताळी लावली, डाळिंबाची रोपं लावली, आणि डुकरांनी ती जमीन अशी उकरली की नांगराने लाजावं. इथली रानडुकरं म्हणजे कधीकाळी सुटलेली पाळीव डुकरं, रानात मिसळून बेसुमार वाढलेली. त्यांना मारायला कुणाची आडकाठी नाही. शेजारी गुरं पाळणारा एक म्हातारा आहे, तो तर भेटला की आधी 'किती मारली?' असंच विचारतो, मग 'कसे आहात?'

शेळी मरेपर्यंत मी मारण्याच्या विरुद्ध होते. मी लातूरकडची, अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवणाऱ्या घरातली. रात्री बघता येईल अशी दुर्बीण घ्यायची हे आमच्यात तेव्हाच ठरलं होतं, पण ती मला घुबडासाठी हवी होती. आमच्या अक्रोडासारख्या पेकानच्या झाडावर एक घुबड यायचं, आणि कुंपणाखालून एक कोल्ही जायची. दिवसा दोघांचा पत्ता नसे. अंधारात ती काय करतात ते मला बघायचं होतं. शेळीनंतर घुबड राहिलं बाजूला.

दुकान म्हणजे गोदामच होतं. दारात पेंढा भरलेलं अस्वल, आत बंदुका, बूट, हरणांना भुलवायच्या शिट्ट्या. काउंटरमागच्या दाढीवाल्याने विचारलं, दुर्बीण शिकारीला हवी की बघायला? नवरा म्हणाला, "वॉचिंग." त्याच क्षणी मी म्हणाले, "किलिंग." दाढीवाल्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि दोन्ही जातींच्या दुर्बिणी पुढे ठेवल्या.

आमच्याबरोबर मुलगा होता. तो इथेच जन्मला आणि अग्निशमन दलात गेला. आमच्या ओळखीतली सगळी मुलं डॉक्टर नाहीतर डेटावाली, त्यामुळे सुरुवातीला मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी 'गव्हर्नमेंट जॉब' म्हणून वेळ मारून नेत असे. मग एकदा त्याच्या स्टेशनवर गेले. अंगावर सगळं ओझं चढवून तो शिडीवरून सरसर वर गेला आणि वरून मला हात केला. त्या दिवसापासून मी कुणालाही न विचारता सांगते, आमचा मुलगा बंबावर आहे.

तर दुर्बिणी. पहिली जात स्वतःच दिवा टाकणारी. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश ती समोर सोडते आणि परत आलेला टिपते. दाढीवाल्याने आम्हाला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे त्याने मुद्दाम थोडं गवत, काटेरी तार, पेंढा भरलेला मांजराएवढा रॅकून असं मांडून ठेवलं होतं. त्या दुर्बिणीतून गवताची पाती वेगवेगळी दिसत होती. तारेचे काटे दिसत होते. रॅकूनच्या मिशा मोजता आल्या असत्या. पण खोडी अशी, की त्या दिव्याचा बारीक लाल ठिपका समोरून दिसतो आणि डुकरं बिथरतात. अजिबात न दिसणारा दिवा घ्यावा तर त्याची पोच कमी. शिवाय धुकं असलं की समोर नुसता पांढरा पडदा.

दुसरी जात उष्णतेची. तिला प्रकाश लागतच नाही. जे गरम ते पांढरं, जे थंड ते काळं. मुलाने बाबांचा हात धरून भिंतीवर दाबला, मग बाजूला केला, आणि मला दुर्बिणीतून बघायला सांगितलं. भिंतीवर नवऱ्याचा पंजा अजून चमकत होता. मग हळूहळू विझला. अंगात गरम रक्त असलेलं काहीही या दुर्बिणीतून सुटत नाही, झुडपात असो की लांब शेताच्या टोकाला. फक्त चेहरा दिसत नाही. पांढरा आकार तेवढा फिरतो.

नवऱ्याला सगळ्यात जास्त पट मोठं दाखवणारी हवी होती. ती हातात घेतल्यावर त्याला कळलं की हात जेवढा थरथरतो त्याच्या तितक्याच पट चित्र थरथरतं, आणि समोरचं डुक्कर शोधेपर्यंत ते घरी जाऊन जेवेल. त्याचा दुहेरी भिंगांचा चष्मा डोळ्यापाशी अडत होता तो वेगळाच. डब्यावर लिहिलेलं अंतरही फसवं. ते ठिपका दिसण्याचं अंतर. त्या ठिपक्याला डुक्कर म्हणायचं की म्हाताऱ्याचं वासरू, हे कळायला फार जवळ जावं लागतं.

"बाबा, थर्मल घ्या," मुलगा म्हणाला. "आम्ही धुरात हेच वापरतो. यू कान्ट सी युअर ओन हँड, पण माणूस दिसतो. इट सेव्ह्ज पीपल."

"मला रान बघायचंय," नवरा म्हणाला. "यात रान कुठाय? काळोखात बल्ब हिंडतायत नुसते."

"रान बघायला आलो नाही आपण," मी म्हणाले.

मी उष्णतेची घेतली. ज्याने धुरातून जिवंत माणसं ओढून आणली त्याचं ऐकायचं, की ज्याला टीव्हीचा रिमोट सापडत नाही त्याचं? त्यात माझं चुकलं असं मी आजही मानत नाही, आणि कुणी सुचवलं तर मी भांडते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं मला त्या दिवशी वाटलं.

नवऱ्याने घरी आल्या आल्या ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून लावून पाहिली आणि म्हणाला, बाहेर एक जाडा माणूस उभा आहे. तो तोच होता. काचेतून उष्णता जात नाही, तिच्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं. मुलगा जमिनीवर बसून हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं, त्याच्या दोन्ही मांड्या जमिनीवर आपटत होत्या.

पहिलं डुक्कर त्याने सुट्टीच्या दिवशी मारलं. दिवेलागण झाली होती, आम्ही तिघं पिकअपच्या मागच्या हौद्यात बसलो होतो. दुर्बीण माझ्याकडे होती. कळप झाडीतून बाहेर आला, पांढरे ढब्बू आकार, खाली मान घालून आमची रताळी उकरणारे. मी हलक्या आवाजात सांगत होते, डावीकडे, सगळ्यात मोठा. बार झाला. मोठा आकार आडवा झाला आणि पाय झाडू लागला. बाकीचे पळाले. मग त्याच्या पोटाखालून काहीतरी पांढरं पसरायला लागलं. ते रक्त होतं. जमीन थंड आणि रक्त गरम, म्हणून ते दुर्बिणीत उजळ दिसत होतं. नंतर ते राखाडी झालं, मग धड राखाडी झालं, आणि शेवटी तिथे काही होतं असं वाटेना. मी पूर्ण वेळ बघितलं. मला फार बरं वाटलं. नवऱ्याने माझ्या हातातून दुर्बीण काढून घेतली आणि म्हणाला, "पुरे आता." मी त्याला म्हटलं, माझी शेळी मोजली का तू?

त्यानंतर मी मुलाला दर सुट्टीला फोन करू लागले. तो यायचा. त्याला आईच्या हातचं जेवण मिळायचं, आईला डुकरं मिळायची. आम्ही दोघं या बाबतीत एक होतो. नवरा तोंड वाकडं करून टॉर्च घेऊन बरोबर यायचा.

ऑक्टोबरमधली ती संध्याकाळ चांगली उकडत होती. मुलगा ड्यूटीवरून परस्पर आला होता, हाफ पँट आणि धावायचे बूट. त्याचे उंच बूट त्याच्याच गाडीत पडले होते. मी दोनदा सांगितलं, "बूट घाल," तो म्हणाला, "चिल, आई." काळोख पडला तशी डुकरं आली. त्याने एका मादीवर बार टाकला, पण तो मागच्या बाजूला बसला आणि ती किंचाळत तळ्याकडे गेली. तळं म्हणजे गुरांसाठी खणलेलं पाणी, काठाला उंच गवत. जखमी डुक्कर तसंच सोडायचं नसतं. मुलगा दुर्बीण डोळ्यांना लावून, रायफल खांद्याला अडकवून तिकडे निघाला. मागे नवरा, टॉर्च बंद ठेवून. मी हौद्यातच उभी होते आणि मला तिची किंचाळी ऐकू येत होती. ती लवकर बंद पडू नये असं मला वाटत होतं.

नवऱ्याने टॉर्च का लावला ते त्यालाही सांगता येत नाही. लावला. मुलाच्या पुढे पावलाभरावर वेटोळं होतं आणि त्यातून एक पांढरंफेक तोंड वर उघडलेलं होतं. तोंड कापसासारखं पांढरं, म्हणून इथे त्या सापाचं नावच तसं आहे. पाण्याकाठी असतो, बाजूला होत नाही.

"जनावर!" नवरा ओरडला. "अरे, जनावर!"

त्याच्या गावात दिवे लागल्यावर सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो. मी नवी नवरी होते, तेव्हा सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या होत्या, मागीलदारी जनावर आलंय. आमच्याकडे जनावरं म्हणजे गाय, बैल, म्हैस. मी काठी घेऊन हाकलायला गेले आणि समोर नाग. घरातले लोक त्यावर कित्येक वर्षं हसले. तेव्हा मला तो शब्द कळला, आणि मग अंगवळणी पडला. मुलाला तो कुणी कधी शिकवला? त्याला जनावर म्हणजे चित्रांच्या पुस्तकातलं जनावर. कुत्रा, घोडा, हत्ती. आणि त्या क्षणी, जखमी डुकराच्या मागावर असताना, दुसरं काय?

त्याने पाय रोवले, दुर्बीण घट्ट डोळ्यांना लावली आणि समोर रोखून पाहिलं. "कुठे, बाबा? आय डोन्ट सी एनी जनावर."

दिसणार कसं? सापाच्या अंगात गरम काही नसतं. गवत जेवढं थंड तेवढाच तो. त्या दुर्बिणीत तिथे नुसतं काळं गवत होतं. मुलगा डुकराला वाट द्यायला म्हणून तिरपा पुढे सरकला, आणि बरोबर त्या सापावर.

तो एकदाच ओरडला. मी हौद्यातून उडी मारली ती फावडं घेऊनच. साप अजून त्याच्या पोटरीला होता, मग सुटला आणि पाण्याकडे वळला. मी त्याला फावड्याने तोडलं. एका घावात मेला होता, पण मी थांबले नाही. तुकडे होईपर्यंत, तुकडे चिखलात जाईपर्यंत मी फावडं आपटत राहिले. ते डुक्कर गवतात कुठेतरी धापा टाकत होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

नवरा पट्टा काढून मुलाच्या गुडघ्यावर आवळायला लागला, गावात असंच करतात म्हणून. मुलाने त्याच्या हातावर बुक्की मारली. "डोन्ट टाय इट! बाबा, लीव्ह इट! गाडी काढ!" तेवढ्यात त्याची पोटरी मांडीएवढी झाली होती आणि कातडी निळी चकचकीत दिसत होती. आम्ही त्याला उचलून मागच्या सीटवर टाकलं. नवरा चालवत होता. मी मागे मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आणि तो कण्हत होता तरी मी गप्प बसले नाही.

"स्नेक म्हणायला काय झालं होतं तुला?" मी म्हणाले. "आयुष्यभर ऑफिसात इंग्रजी झाडलंस. मुलाशी इंग्रजी बोलतोस. कुत्र्याशी इंग्रजी बोलतोस. एक शब्द नाही सुचला?"

मी पुढे वाकून त्याच्या मानेवर, पाठीवर मारलं, मुठी वळून, गाडी हायवेवर असताना. मुलगा म्हणाला, "आई, स्टॉप. ही इज ड्रायव्हिंग." मग मी थांबले.

"तोंडात तेच आलं गं," नवरा समोरचा रस्ता बघत म्हणाला. "मी नाही आणलं."

जवळच्या गावातल्या लहान हॉस्पिटलात मुलाला सापाच्या विषावरचं औषध दिलं आणि तिथून हेलिकॉप्टरने मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणता साप? नवऱ्याने त्याचं इंग्रजी नाव, रंग, लांबी, तोंड सगळं खडान्‌खडा सांगितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. सूज आतून एवढी वाढली की पोटरीचं रक्त अडलं. मग त्यांनी दोन्ही बाजूंनी पाय उभा चिरून उघडा ठेवला. मी ते पाहिलं. आत मांस होतं, काही लाल आणि काही राखाडी. राखाडी त्यांनी कापून काढलं, पुन्हा दोन दिवसांनी कापलं, पुन्हा. डुक्कर मारताना जे बघायला मला आवडलं होतं, तेच होतं ते.

पाय वाचला. तो चालेल, असं सर्जनने आम्हाला बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगितलं. पण पाऊल वर उचलणारी नस गेली. पाऊल लोंबतं राहील, त्याला आधाराची पट्टी लागेल. शिडी, ओझं, धावपळ, नाही. बंबावरचं काम संपलं. आज संध्याकाळी आपण त्याला सांगू, असं सर्जन म्हणाला, आणि मग त्याला कुठल्यातरी ऑपरेशनला बोलावलं.

मुलाला आधीच सुगावा लागला होता. सकाळपासून तो येईल त्याला एकच विचारत होता. नर्सला विचारलं, "ॲम आय गोइंग बॅक ऑन द ट्रक?" ती म्हणाली, वन डे ॲट अ टाइम. स्टेशनवरचे मित्र आले, त्यांना विचारलं, ते म्हणाले, ऑफकोर्स, मॅन, आणि भिंतीकडे बघत राहिले. मला विचारलं. मी डब्यातला मऊ भात ढवळत म्हणाले, "होईल रे सगळं नीट. आधी खा."

मग त्याने बाबांना विचारलं. नवरा खिडकीशी उभा होता. बाहेर दिवे लागले होते. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस, डॉक्टर सांगतील. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पलंगाजवळ आला.

"नाही," तो म्हणाला. "तू परत ट्रकवर जाणार नाहीस. पायाची नस मेली. ती परत येत नाही. यू विल वॉक. यू विल नॉट क्लाइम्ब."

मुलाने माझ्या हातातला स्टीलचा डबा हिसकावला आणि फेकला. तो थेट नवऱ्याच्या भुवईवर बसला. भात भिंतीवर उडाला, चष्मा खाली पडला, आणि डोळ्यावरून रक्त यायला लागलं, भराभर, कपाळाचं येतं तसं. मी ओरडले. नवरा जागचा हलला नाही. त्याने हातही वर नेला नाही.

"से इट अगेन," मुलगा म्हणाला.

"तू परत ट्रकवर जाणार नाहीस," नवरा म्हणाला.

बाबांच्या हनुवटीवरून रक्त टपकून पांढऱ्या चादरीवर पडत होतं, मुलाच्याच पायाजवळ. तो त्या डागांकडे बघत राहिला. मग त्याने उशाचा टॉवेल ओढला, बाबांच्या शर्टाची कॉलर धरून त्याला खाली, आपल्याजवळ बसवलं आणि टॉवेल भुवईवर दाबून धरला, दोन्ही हातांनी, कामावर धरत असेल तसा. रडणं चालूच होतं त्याचं, नवऱ्याचंही. थोड्या वेळाने त्याने टॉवेल जरासा उचलून बघितलं.

"किती आहे?" नवऱ्याने विचारलं.

"खोल आहे, बाबा," तो म्हणाला. "टाके पडतील."